नळी न घालता दिलेली पीयूसी कोणाच्या फायद्याची?

"गाडी जुनी आहे काका, नळी घातली तर नापास होईल. नंबर प्लेटचा फोटो काढतो, वरचे शंभर द्या, पास करून देतो."

गणपती झाल्यावर करी रोडच्या आसपासच्या एका पीयूसी केंद्रावर आम्ही हे वाक्य ऐकले. काका आमच्याच वस्तीतले, पालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. स्कूटर 2007ची. मुलगा पहाटे तिच्यावरून पेपर टाकतो आणि दिवसा डबे पोहोचवतो, घर त्यावर चालते. काकांनी खिशात हात घातलाच होता. आम्ही म्हटले, नळी घाला. काका आमच्यावरच चिडले. "पास होतंय ना, मग तुम्ही कशाला डोकं लावताय?"

हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. चळवळीतल्या जाणत्या कार्यकर्त्यांकडूनही आम्ही तो ऐकला आहे. गरिबाला दीडशे रुपयांत कागद मिळतो, तर तुम्ही नैतिकतेचे डोस का पाजता? म्हणून हा लेख. आमचे म्हणणे असे आहे की हा खोटा कागद गरिबावरचा उपकार नाही, तो गरिबाच्या विरोधातला पुरावा आहे.

आधी चाचणी काय असते ते पाहू. कारण नेमके हेच आपल्याला माहीत नसते, आणि त्या अडाणीपणावरच केंद्रवाल्याचे वरचे शंभर चालतात. इंजिन गरम करून गाडी जागेवर सुरू ठेवायची, सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन मोजायचे. दुचाकीसाठी अधिकृत शुल्क 50 रुपये. सन 2000 नंतरच्या चार स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेतीन टक्के. त्याआधीच्या दुचाकीला साडेचार टक्के. म्हणजे कायदा जुन्या गाडीला नवी व्हायला सांगत नाही. तिच्या काळाच्या मापानेच तिला मोजतो. "जुनी आहे म्हणून नापास होणारच" हे केंद्रवाल्याचे वाक्य निव्वळ थाप आहे.

नळी घातली. आकडा आला 4.3. काका नापास.

पण नापास का? आम्ही गाडी मेकॅनिककडे नेली. एअर फिल्टर उघडला तर तो काळाकुट्ट. हवा आत जात नव्हती, म्हणून पेट्रोल पुरते जळत नव्हते आणि अर्धवट जळलेले सगळे मागून बाहेर पडत होते. फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, हवा-पेट्रोलचा स्क्रू नीट लावला, प्लग नवा टाकला. साडेचारशे रुपये. पुन्हा नळी घातली, आकडा 1.8. पोरगा आता सांगतो की पेट्रोलही कमी लागते. काका मात्र साडेचारशे गेल्यामुळे आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. ज्याच्या घरी महिन्याच्या शेवटी साडेचारशे मोजून ठेवलेले असतात, त्याला तत्त्वज्ञान ऐकवणे सोपे नसते.

आता विचार करा, हा धूर जातो कुठे? सप्टेंबर 2025मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडकामासाठी बंद झाला आणि तिकडच्या गाड्यांचा मोठा लोंढा आमच्या करी रोड पुलावर आला. भारतमाता सिनेमापासून पुलापर्यंत गाड्या जागेवर घुरघुरत उभ्या असतात. लोअर परळच्या काचेच्या इमारतींत जाणारा माणूस काच वर करून, एसी लावून बसलेला असतो. त्या धुरात नाक उघडे ठेवून कोण उभे असते? झाडू मारणारी बाई, पुलाच्या कडेला भाजी विकणारी, वाहतूक पोलीस, सिग्नलला थांबलेला डबेवाला. पालिकेच्या सफाई कामगारांत बहुसंख्य कोणत्या जातींचे आहेत हे आमच्या वाचकाला सांगायला नको. काकांनी आयुष्य याच रस्त्यांवर झाडू मारण्यात घालवले. त्यांच्या स्कूटरचा 4.3चा धूर कोणाच्या छातीत जाणार होता? त्यांच्या जागी आज जी लागली आहे तिच्याच ना?

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू राजकारणाची आहे आणि आम्हाला ती जास्त महत्त्वाची वाटते.

या शहरात जुन्या गाडीचा निकाल कसा लागला, हे काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांना विचारा. 1999 साली धुराविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका आली, व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि 2001च्या आदेशानुसार 15 वर्षांहून जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनावर यावे लागले. टॅक्सीवाले सीएनजीवर आले. गॅसपंपावरच्या रात्री-अपरात्रीच्या रांगा त्यांनी सोसल्या. हवा सुधारायला त्याची मदत झाली, हे आम्ही नाकारत नाही. पण पुढे काय झाले? टॅक्सीला वयाची अट लागली, आधी 25 वर्षे, मग 20. ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003ला नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023पासून रस्त्यावरून बाद झाली. तिच्या धुराचा आकडा काय होता हे कोणी विचारले? तिला नळीने नापास केले नाही, कॅलेंडरने केले.

आणि खासगी मोटारीचे? तिला मुंबईत अशी वयाची अट नाही. 15 वर्षे झाली की पर्यावरण कर भरा, तपासणी करून घ्या, पुढची पाच वर्षे चालवा. दारात चार मोटारी असल्या तरी चालेल. 50 वर्षांच्या मोटारीला तर 2021च्या केंद्रीय नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून वेगळा नंबर मिळतो. (त्या रोज चालत नाहीत, हे मान्य.) म्हणजे श्रीमंताची जुनी गाडी वारसा आणि कष्टकऱ्याची जुनी गाडी भंगार! संविधानाचे कलम 14 वर्गीकरण करू देते, पण त्या वर्गीकरणाचा उद्देशाशी संबंध लागतो. उद्देश धूर कमी करणे असेल, तर वर्गीकरण धुरावर करा. जन्मतारखेवर का करता? जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या देशात गाडीची लायकीही जन्मावरूनच ठरावी, याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही. संताप मात्र येतो.

दिल्लीत 1 जुलै 2025पासून 15 वर्षांवरच्या पेट्रोल आणि 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याचा आदेश लागू झाला. लोक खवळले आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला. मुंबईतही जानेवारी 2025मध्ये उच्च न्यायालयाने हवेच्या प्रश्नावर पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला सांगितले आणि सरकारने समिती नेमली. उद्या वयाची अट दुचाकीवर आली तर आपण काय म्हणणार? "आमची गाडी जुनी आहे, पण धूर मर्यादेत आहे, हा बघा कागद." आणि समोरचा हसेल. म्हणेल, तुमचे कागद कसे निघतात ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर वय बघतो. वरचे शंभर देऊन आपण आपला एकमेव पुरावा रद्दी करून ठेवला असेल.

म्हणून खरी चाचणी हा आपला हक्क समजून मागा. आणि तिच्यासोबत दुरुस्तीही मागा. मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या गुन्ह्याला 10 हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. दंडाचा आकडा वाढवायला सरकारला सुचले, साडेचारशेचा फिल्टर आणि प्लग बदलून द्यायला सुचले नाही. जुन्या गाडीच्या पुनर्नोंदणीवर पर्यावरण कर घेता ना? त्यातून प्रत्येक वॉर्डात दुरुस्ती शिबिरे घ्या, नापास गाडीला आठ दिवसांची मुदत द्या. आणि ज्यांनी स्कूटर सोडावी असे वाटते त्यांच्यासाठी बस चालवा. बेस्टचे किमान भाडे मे 2025मध्ये 5 रुपयांवरून 10 केले, थांब्यावर अर्धा अर्धा तास बस नाही, आणि वर विचारता की लोक जुन्या स्कूटरला का चिकटून आहेत?

बांधकामांची धूळ आणि सिमेंटचे मिक्सर यांवर वेगळे लिहू. त्यांना सायलेन्सर नसतो म्हणून ते निर्दोष ठरत नाहीत. पण त्यांच्याकडे बोट दाखवून आपल्या सायलेन्सरवर पांघरूण घालणेही आम्हाला मान्य नाही.

काका आता बोलायला लागले आहेत. त्यांची पुढची पीयूसी मार्चमध्ये आहे. या रविवारी सकाळी नऊ वाजता विहारासमोर तोच मेकॅनिक बसणार आहे, मजुरी घेणार नाही, फक्त सामानाचे पैसे. शेजारच्या दोन चाळींतल्या मिळून 11 गाड्यांची नावे आली आहेत. येताना आरसी बुक आणा, आणि मागची पीयूसी नळी न घालता काढली असेल तर तीही आणा. किती जणांची तशी आहे, हे आम्हाला मोजायचे आहे.