लहान राज्यानें स्वतःस राखावें कसें?

वाचकहो, हें सदर घरगुती गोष्टींचें. लोणच्याच्या बरण्या, मुलांचे अभ्यास, वडील माणसांचें पथ्यपाणी, फार झालें तर एखादें नवें पुस्तक, यांपलीकडे आम्ही सहसा जात नाहीं. राज्यें आणि सैन्यें यांवर लिहिणारे विद्वान दुसरीकडे पुष्कळ आहेत. परंतु या महिन्यांत तो विषय आपण होऊनच आमच्या माजघरांत येऊन बसला आणि उठावयाचें नांव घेईना. तेव्हां त्यास पाट देणें प्राप्त झालें.

झालें तें असें. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या यंदा बारावींत आहे. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें सांगून टाकलें कीं, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेस ती बसणार. तेथें २०२२ पासून मुलींस प्रवेश मिळूं लागला आणि २०२५ च्या मे महिन्यांत १७ मुलींची पहिली तुकडी शिक्षण पुरें करून बाहेर पडली, हें तिनेंच आम्हांस सांगितलें. मातुःश्रींनीं "वेड लागलें आहे पोरीला" एवढें म्हणून विषय मिटविला. बंधू कांहीं वेळ सुपारी कातरीत बसले आणि मग म्हणाले, "अगं, आपला देश केवढा! एकशेंचाळीस कोटींवर माणसें. त्यांत तूं एक न गेलीस तर कोणाचें काय अडणार आहे? एखादा लहानसा देश असता तर गोष्ट निराळी."

"लहान देश असता, तर तुम्हीं मला पाठविलें असतें का, बाबा?"

बंधूंनीं उत्तर दिलें नाहीं. आम्हांसही सुचलें नाहीं. परंतु तो "लहान देश" डोक्यांत राहिला, कारण तसा एक देश आमच्या घरापासून फार दूर नव्हता. डोंबिवलीहून कल्याण हें दुसरेंच स्टेशन. पुढच्या रविवारीं पुतणीस बरोबर घेऊन आम्ही दुर्गाडीवर गेलों.

आज तेथें पाहण्यासारखें फार थोडें उरलें आहे. देवीचें देऊळ, थोडी तटबंदी, खालीं खाडी आणि तिच्यावरून भिवंडीकडे जाणाऱ्या गाड्यांची अखंड रांग. अलीकडे नौदलानें निवृत्त केलेली टी-८० नांवाची एक युद्धनौका किल्ल्याजवळ आणून ठेविली आहे. ती येथेंच कां आणली, हें ठाऊक असलेलीं माणसें आमच्या आळींत फार निघावयाचीं नाहींत.

१६५७ च्या ऑक्टोबरांत, ऐन दिवाळीच्या तोंडावर, शिवाजीमहाराजांनीं कल्याण आणि भिवंडी आदिलशाहीकडून घेतलीं. (कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची आख्यायिका सर्वांस तोंडपाठ आहे, ती आम्ही येथें सांगत नाहीं. तिच्यापायीं बाकीचें कल्याण लोक विसरले, अशी आमची जुनी तक्रार आहे.) त्या वेळीं महाराजांचें राज्य केवढें होतें? पुण्याच्या आसपासचे डोंगर, मावळें, जावळी आणि आतां ही कोंकणची पट्टी. उत्तरेस मोगल, पूर्वेस विजापूर, दंडाराजपुरीस सिद्दी, आणि वसई, ठाणें, चौल येथें पोर्तुगीज. त्यांपैकीं मोगल व विजापूर हे तर या राज्याहून कितीतरी श्रीमंत होते. समुद्रावर तर पोर्तुगीजांचा परवाना घेतल्यावांचून व्यापारी गलबत हांकारण्याची सोय नव्हती. अशा राज्यानें काय करावें? हाताशीं असलेल्या कोणाही शहाण्यानें सांगितलें असतें कीं, डोंगर धरून बसावें आणि पाण्याच्या वाटेस जाऊं नये.

महाराजांनीं दोन वर्षांच्या आंत कल्याण-भिवंडीच्या खाडींत लढाऊ नावा बांधावयास काढल्या.

आतां येथें थोडा भूगोल पाहिला पाहिजे, कारण त्यावांचून या धाडसाचें मोल कळत नाहीं. कल्याणच्या खालीं वाहणारी उल्हास नदी ठाण्यापाशीं येते. तेथून तिचा मुख्य प्रवाह घोडबंदरावरून वसईस समुद्राला मिळतो, आणि दुसरी वाट ठाण्याच्या खाडीनें मुंबईच्या बंदरांत उतरते. म्हणजे कल्याणांत बांधलेली नाव कोणत्याही वाटेनें समुद्रावर न्यावयाची झाली, तरी ती ठाण्याच्या पोर्तुगीजांच्या डोळ्यांदेखत न्यावी लागणार. शेजाऱ्याच्या ओटीवरून आपलें सामान काढावें तसा हा प्रकार होता. म्हणून या नावा सिद्दीविरुद्ध आहेत, असें पोर्तुगीजांस सांगण्यांत आलें. तें खोटें नव्हतें. मात्र सगळें खरेंही नव्हतें.

दुसरी अडचण याहून मोठी होती. या देशीं तारवें बांधणारे पुष्कळ होते, परंतु तोफा पेलणारें लढाऊ जहाज बांधणें हें निराळें शास्त्र. तें पोर्तुगीजांस येत होतें. महाराजांनीं त्यांच्यांतलेच कारागीर पगार देऊन लाविले. रुइ लैतांव व्हियेगश हा त्यांचा प्रमुख, व त्याचा भाऊ त्याच्या हाताखालीं. काम चाललें. तेवढ्यांत वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या ध्यानांत आलें कीं, उद्यां हीं जहाजें आपल्याच उरावर येणार. त्यांनीं व्हियेगशास गुपचूप गांठून धर्माची व राजाची आठवण दिली असावी. कसेंही असो, १६५९ सालीं ही सारी कारागीर मंडळी काम अर्ध्यावर टाकून निघून गेली.

पुतणीस हें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "मग? काम बंद?"

हाच तो प्रश्न. भाड्याचें कसब भाड्याच्या घरासारखें असतें. मालक कधीं चालता हो म्हणेल याचा नेम नाहीं. परंतु म्हणून तें घेऊंच नये काय? घेतलें नसतें तर आरंभच झाला नसता. महाराजांनीं परक्यांचें कसब घेतलें, आणि तें निघून गेलें तेव्हां त्यांच्या हाताखालीं राबलेले आपले सुतार, लोहार व खाडीचे कोळी मागें राहिले होते. काम त्यांनीं पुढें नेलें. त्यांनीं पोर्तुगीजांसारखीं उंच जहाजें बांधण्याचा हट्ट धरला नाहीं, हें आमच्या मतें सर्वांत शहाणपणाचें. गुराबा, गलबतें, मचवे, शिबाडें अशीं उथळ बुडाचीं तारवें त्यांस साधत होतीं; तींच त्यांनीं लढाऊ केलीं. खाड्यांच्या देशास तींच सोयीचीं. १६६१ सालीं मोगलांनीं कल्याण घेतलें, तरी आरमार त्याबरोबर बुडालें नाहीं. तें दक्षिणेकडे वाढलें. १६६५ च्या फेब्रुवारींत महाराज बसरूरच्या स्वारीस निघाले तेव्हां त्यांच्याबरोबर ८५ लहान व तीन मोठीं जहाजें होतीं. पहिली फळी ठोकल्यापासून अवघ्या सहा-सात वर्षांतली ही गोष्ट. आणि १६७९ सालीं मुंबईच्या दक्षिणेस खांदेरीच्या बेटावर तट उभारूं लागतांच इंग्रज आडवे आले, तेव्हां मायनाक भंडारी व दौलतखान यांच्या लहान नावांनीं इंग्रजांच्या जड जहाजांस हैराण करून सोडलें. त्यांतलें 'डोव्ह' नांवाचें जहाज तर पकडूनच आणिलें. कोळी, भंडारी, मुसलमान दर्यावर्दी अशा हातांनीं तें आरमार चाललें. आमच्यासारख्यांचीं घराणीं तेव्हां बहुतेक कारकुनींत होतीं. किल्ल्यावर हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभु, अशी वांटणी असे. एका माणसाच्या फितुरीनें किल्ला जाऊं नये हा तिचा हेतु. सबनिशी हें हलकें काम नव्हे. परंतु लेखणी ती लेखणी.

किल्ल्यांवरून माहुलीची आठवण होते. आसनगांवाहून दिसणारे ते सुळके पुष्कळ वाचकांनीं गाडींतून पाहिले असतील. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत महाराजांनीं २३ किल्ले मोगलांस दिले आणि १२ आपणांकडे ठेविले. दिलेल्यांत माहुली होता. चार लक्ष होनांचा मुलूख गेला, एक लक्षाचा राहिला. आजच्या वर्तमानपत्रांनीं त्या तहास काय म्हटलें असतें, याची कल्पना करवते! परंतु लहान राज्यास कधीं कधीं जीव वांचविण्यासाठीं अंगावरचे दागिने उतरून द्यावे लागतात. १६७० च्या जूनमध्यें माहुली परत आला. त्याच वर्षीं फेब्रुवारींत केलेला पहिला हल्ला फसला होता, हेंही सांगितलें पाहिजे.

या साऱ्या अनुभवाचें सार पुढें अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत घालून ठेविलें. त्यांतल्या दोन गोष्टी आम्हीं पुतणीस सांगितल्या. एक अशी कीं, आरमारासाठीं रयतेचीं आंब्याफणसाचीं झाडें जबरीनें तोडूं नयेत. तीं वाढावयास वर्षें लागतात आणि लोकांनीं तीं पोटच्या पोरांसारखीं वाढविलेलीं असतात. पाहिजेच असल्यास धन्यास राजी करून, किंमत देऊन घ्यावीं. दुसरी अशी कीं, टोपीकरांस व्यापार करूं द्यावा, पण खाडीच्या तोंडाशीं वा समुद्रकांठीं जागा देऊं नये. ही दुसरी सूचना किती दूरदृष्टीची होती, तें पाहण्यास दुर्गाडीवरून ठाण्याकडे मान वळविली म्हणजे पुरे.

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनीं बांधावयास घेतला आणि पुरा होण्यापूर्वींच, १७३७ सालीं, चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं घेतला. दोन वर्षांनीं वसई पडली. म्हणजे १६५९ सालीं ज्यांच्या नजरेखालून नावा न्यावयाची भीति होती, ते ऐंशीं वर्षांनीं तेथून नाहींसे झाले. राज्य आतां लहान राहिलें नव्हतें. अटकेपर्यंत घोडे जाऊन आले. आणि तेंच ठाणें २८ डिसेंबर १७७४ रोजीं इंग्रजांनीं हल्ला करून घेतलें. आंतल्या शिबंदींतले बहुतेक लोक कापले गेले. मुंबईकर इंग्रजांस साष्टी कधींपासून हवी होती. त्यांस संधि मिळाली ती पुण्यानें दिली. १७७३ च्या ऑगस्टांत नारायणरावांचा खून झालेला, बारभाई एकीकडे, राघोबादादा दुसरीकडे. दादा तर गादीच्या आशेनें त्याच इंग्रजांशीं बोलणें करीत होते, आणि १७७५ च्या मार्चांत सुरतेस त्यांनीं साष्टी व वसई कागदावर लिहून दिली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडे कायमची राहिली. इंग्रजांशीं मराठे त्या युद्धांत वडगांवास जिंकले होते, तरीही ठाणें परत आलें नाहीं. त्या किल्ल्यांत आज मध्यवर्ती तुरुंग आहे. कोर्टनाक्यावरून जातांना त्याची भिंत दिसते.

लहान राज्यानें खाडीच्या तळापासून आरमार उभारलें आणि मोठ्या राज्यानें खाडीच्या तोंडचा किल्ला गमावला. आकारानें यांतलें कांहींच ठरलें नाहीं.

बाहेरच्या जगांतही हेंच दिसतें. सिंगापूर १९६५ सालीं स्वतंत्र झालें तेव्हां त्याच्याजवळ नांव घेण्यासारखें सैन्य नव्हतें. त्यांनीं इस्राएलचे अधिकारी शिकविण्यास आणिले, शेजाऱ्यांच्या डोळ्यांत येऊं नये म्हणून त्यांस 'मेक्सिकन' म्हटलें, आणि १९६७ पासून घरोघरच्या तरुणांस सक्तीची लष्करी नोकरी लाविली. श्रीमंतांचे मुलगेही त्यांतून सुटले नाहींत. कल्याणचा व्हियेगश आणि सिंगापूरचे हे 'मेक्सिकन' यांचें नातें आमच्या पुतणीनें आमच्याआधीं ओळखलें. उलट बेल्जमनें तटस्थतेवर भिस्त ठेविली आणि १९१४ व १९४० अशी दोनदां ती तुडविली गेली. फिनलंडनें १९३९ च्या हिंवाळ्यांत रशियाशीं साडेतीन महिने झुंज दिली, सुमारें दहावा हिस्सा मुलूख गमाविला, परंतु देश राखला. तेथेंही लढलीं तीं गांवोगांवचीं माणसें. सैन्य म्हणून निराळी जात तेथें नव्हती.

परततांना गाडींत बरीच गर्दी होती. पुतणी दाराजवळ उभी राहून म्हणाली, "काका, पण त्या सुतारांच्या घरीं कोणी म्हणालें असेल ना, कीं इतके लोक आहेत, तूंच कां जातोस?"

म्हणालें असेल खचित. त्यांच्या घरीं आजी नव्हती थोडीच!

रात्रीं बंधूंस आम्हीं हें सारें सांगितलें. त्यांनीं तारखांत एक चूक काढली, व ती बरोबर निघाली. मग म्हणाले, "इतिहास ठीक आहे. पण दादा, ती माझी मुलगी आहे." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि असतें तरी तें आम्हीं दिलें नसतें, आमचे स्वतःचे दोन्ही मुलगे बँकेंत आहेत, आणि त्यांस कोठें पाठवावें हा प्रश्न आमच्या घरीं कधीं निघालाच नव्हता.

बंधूंनीं अद्याप होकार दिलेला नाहीं. नकारही दिलेला नाहीं. मातुःश्री मात्र परवां सुनेस विचारीत होत्या कीं, त्या खडकवासल्यास सकाळीं किती वाजतां उठवितात. मुलीनें अर्ज भरला आहे. धांवण्याचा सराव हवा म्हणून ती पहांटे पांच वाजतां मैदानावर जाते आणि अंधारांत एकटी नको म्हणून सोबतीस आम्ही जातों. आम्ही धांवत नाहीं. बांकावर बसून घड्याळ पाहतों आणि प्रत्येक फेरीस लागलेली वेळ वहींत टिपून ठेवतों.