जुने ते सोने, पण कोणासाठी?

'जुने ते सोने' ही म्हण आपण शाळेपासून गिरवत आलो. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीतून जाऊन आल्यापासून मात्र तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह टाकावेसे वाटते. जुने जपायचे ते नेमके कोणासाठी?

आमच्या दिवेआगरला रेल्वे कधीच नव्हती. एस.टी.ने माणगाव गाठावे तेव्हा रूळ दिसतात. आमच्या घरी गाडीत बसायचे ते दवाखान्यासाठी, नोकरीसाठी, नाहीतर लग्नकार्यासाठी. नुसत्या हौसेखातर गाडीत बसणारा घरातला मी पहिलाच; कॉलेजची पायरी चढणाराही पहिलाच. म्हणूनच कदाचित हा प्रश्न मला पडला असावा.

ही गाडी आपल्याच रायगड जिल्ह्यातली. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. आदमजी पीरभॉय यांनी सुमारे १६ लाख रुपये घालून हा मार्ग उभा केला आणि १९०७ साली गाडी सुरू झाली. सुमारे २१ किलोमीटरची वाट, जागोजाग वळणे आणि काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट चढ! २००५ च्या पावसाने हा मार्ग उद्ध्वस्त केला. २००७ साली तो पुन्हा सुरू झाला. २०१६ साली डबे घसरल्याने गाडी थांबली. २०१९ च्या पावसाने पुन्हा घात केला आणि २०२२ च्या ऑक्टोबरात नेरळहून गाडी परत सुटली. दर वेळी तिच्यासाठी पैसा उभा राहिला, याचा आनंदच आहे.

पण विदर्भातली 'शकुंतला' आठवा. यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, तिथून पुढे अचलपूर. कापूस वाहून नेण्यासाठी घातलेली ही लाईन पुढे खेड्यापाड्यांतल्या गरिबांची गाडी झाली. ती गेल्या दशकात बंद पडली. जिच्यात हौशी माणसे बसतात ती गाडी पुन्हा पुन्हा उभी राहते आणि जिच्यात गरजू बसत ती थांबते, हा कुठला न्याय?

तर मग जुने म्हणून सगळेच जपावे काय? तसेही नाही. माथेरानमध्ये माणसाने ओढायच्या हातरिक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. 'वारसा बुडाला' म्हणून त्यासाठी कोणी अश्रू ढाळावेत काय? ज्या वारशाचे ओझे माणसाच्या छातीवर पडते तो सोडलेलाच बरा. ज्याने माणसाचे ओझे हलके होते तो जपावा. माझ्या मते कसोटी हीच.

या कसोटीला माथेरानची गाडी उतरते, पण ती पर्यटकांमुळे नव्हे. माथेरानला मोटारींना बंदी आहे. त्या दस्तुरीला थांबतात. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, तेव्हाही अमन लॉज ते माथेरान फेऱ्या चालतात. तिथे राहणाऱ्यांना हा आधार आहे. पर्यटकांच्या पैशाने गाडी चालते हे खरे. परंतु वेळापत्रक आखताना शाळकरी पोर आणि बाजारहाट करणारी बाई आधी आठवली पाहिजे.

आमच्या गावीही हाच प्रश्न आहे. पाहुण्यांना सुपारीच्या वाड्या बघायला आवडतात. पण वाडी शोभेसाठी उभी नाही. सुपारी विकली जाते म्हणून ती शिंपली जाते. २०२० च्या 'निसर्ग' वादळात झाडे आडवी झाली, तेव्हा गेली ती शोभा नव्हे, घरोघरचे उत्पन्न गेले.

मित्रहो, वारसा काचेच्या कपाटात ठेवला की त्यावर धूळ बसते. तो रोजच्या कामाला लागला, तरच टिकतो. 'शकुंतला' पुन्हा धावावी ती याच कारणासाठी. फोटो काढण्यासाठी नव्हे, बाजाराला जाण्यासाठी!

— द्वितीय वर्ष, कला