साडेपाच तासांचा घोटाळा

विद्यार्थी मित्रांनो, तुमची शाळा शहापूरला असो वा मुरबाडजवळच्या एखाद्या खेड्यात, तिथे दहा-बारा वर्षांचा एखादा जुना संगणक असण्याचा संभव पुष्कळ. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नवे विंडोज अशा यंत्रांवर बहुधा चालत नाही, म्हणून कोणी त्यांवर लिनक्स घालतात. मग इंटरनेट नसेल, तर सकाळी अकरा वाजता घड्याळ दुपारचे साडेचार दाखवू लागते! "बिघडला, भंगारात काढा," असा निकालही लगेच लागतो.

माझे म्हणणे असे, की निकाल देण्यापूर्वी हा साडेपाचाचा आकडा नीट पाहा.

संगणकात घड्याळे दोन असतात. पहिले मदरबोर्डवरचे. संगणक बंद असतानाही ते नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर चालते. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे २ चा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मी करा, बरोबर १ उरेल. संगणक सुरू झाला, की दुसरे घड्याळ या पहिल्यावरून लावले जाते. पहिल्यातली वेळ विंडोज भारतीय मानते. लिनक्स तीच वेळ जागतिक समजून तीत ५ तास ३० मिनिटे मिळवते. (८२.५ रेखांश, दर अंशाला ४ मिनिटे. भूगोलाच्या तासाला केलेलाच हा हिशेब!) म्हणजे यंत्र ठणठणीत आहे.

लिनक्स एकटेच असेल, तर वेळ एकदा बरोबर लावून ती पहिल्या घड्याळातही उतरवावी. विंडोजही ठेवले असेल, तर 'आतली वेळ स्थानिक आहे' असे लिनक्सला सांगावे. जाणकार याला नाके मुरडतात, कारण काही देशांत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात आणि दोन्ही प्रणाली तो बदल आपापल्या परीने करू पाहतात. आपल्याकडे ती प्रथाच नाही. मग भीती कसली?

तारीखच दर वेळी कित्येक वर्षे मागे जात असेल, तर मात्र सेल संपला असे समजा. मे महिनाभर मुख्य बटण बंद राहिले, की सारा भार त्या सेलवरच पडतो. अशा चुकीच्या तारखेने सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत संगणक स्वतःच्या घड्याळावरून तपासतो. शिष्यवृत्तीचा अर्ज तिथेच अडतो. सेलवर बहुधा 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. घड्याळजीकडेही तो मिळू शकतो. आधी वायर भिंतीतून काढा, शिक्षकांना जवळ उभे करा. जुना सेल लहान भावंडांच्या हाती पडू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका भाजते.

आणि शिक्षकहो, 'संगणकास हात लावू नये' ही दारावरची पाटी त्या दिवसापुरती तरी उतरवून ठेवा.