धातूत उतरलेले नागर चेहरे

पदक म्हटले की आपल्या मनापुढे प्रथम बक्षीस उभे राहते. कुस्तीचे पदक, गायनाचे पदक, परीक्षेत पहिले आल्याचे पदक. आपल्यापैकी काही जुन्या घराण्यांच्या पेट्यांतून १९११ च्या दिल्ली दरबाराचे चांदीचे पदकही निघेल. त्याच्या दर्शनी बाजूवर पंचम जॉर्ज बादशहा व मेरी राणी यांची जोडमुखे आहेत आणि मागे फारसी लेख आहे. ही सगळी पदके वरून खाली आलेली. देणारा मोठा, घेणारा लहान, आणि चेहरा असलाच तर तो देणाऱ्याचा. सोळाव्या शतकातील जर्मन पदकांविषयी चार शब्द लिहावेत असे मला वाटते, त्याचे कारण हेच की त्यांच्यापैकी उत्तमोत्तम पदके या रीतीच्या नेमकी उलट आहेत. ती कोणी जिंकलेली नाहीत आणि कोणी बहाल केलेली नाहीत. ऑग्झबुर्ग किंवा न्यूरेंबर्ग येथील एखादा व्यापारी, वकील किंवा नगरसभेचा कारभारी स्वतःच्या खिशातून पैसे मोजून आपला चेहरा, आपल्या पत्नीचा चेहरा करवून घेई आणि त्याच्या प्रती आप्तेष्टांस धाडी. पदकावर नाव असे, साल असे आणि बहुधा वयही असे.

या कलेचा उगम इटलीतला, यात वाद नाही. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट आठवा जॉन पालैओलोगस धर्मपरिषदेसाठी इटलीत आला असता १४३८-३९ च्या सुमारास पिझानेल्लो या चित्रकाराने त्याचे पदक केले, आणि तेथून ही परंपरा सुरू झाली असे मानतात. जर्मनीत ती रुजायला ऐंशी वर्षे लागली. १५१८ मध्ये सम्राट माक्सिमिलियानने ऑग्झबुर्गला साम्राज्यसभा भरविली. सरदार, बिशप, मुत्सद्दी, सावकार एकाच गावात गोळा झाले, आणि त्याच गावचा सव्वीस वर्षांचा हान्स श्वार्त्स हा मूर्तिकार कोळसा व कागद घेऊन त्यांचे चेहरे टिपू लागला. त्याची अशी शंभराहून अधिक रेखाटने आजही बर्लिन व बाम्बर्ग येथे जपलेली आहेत. रेखाटनावरून तो लाकडात कोरी आणि कोरलेल्या नमुन्यावरून पदक ओतले जाई. पुढे स्पेनच्या राजाला सम्राट करण्यासाठी ज्याने थैल्या मोकळ्या सोडल्या, त्या याकोब फुगर सावकाराचे पदकही त्याच वर्षीचे, त्याच हातचे.

इटालियन कारागीर मेणात घडवी. मेण बोटाखाली वळते, गालावरून हनुवटीकडे सावली सहज उतरते, म्हणून पिझानेल्लोच्या पदकांत मार्दव आहे. जर्मन कारागीर मात्र कोरणारा. बॉक्सवूड किंवा पेअर यांसारख्या घट्ट लाकडात, नाहीतर झोल्नहोफेनच्या बारीक पोताच्या चुनखडी दगडात तो पोलादी हत्याराने काम करी. (हा दगड आपल्याला अगदीच परका नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस झेनेफेल्डरने याच दगडावरून शिळाछापाची युक्ती शोधली, आणि त्या युक्तीने छापलेल्या पोथ्या आपल्या आज्यांनी वाचल्या.) लाकडात आणि दगडात चूक पुसता येत नाही; जे कापले ते गेले. त्यामुळे डोळ्याच्या कडेची सुरकुती, दाढीचा एकेक केस, टोपीची शिवण स्पष्ट व टोकदार येते. हा नमुना बारीक वाळूत किंवा मातीत दाबून साचा घ्यायचा, त्यात शिसे, कांसे, चांदी, क्वचित सोने ओतायचे आणि मग छिन्नीने साफ करायचे. आपल्या ओताऱ्यांना यातली एकही पायरी समजावून सांगावी लागणार नाही.

कलेतिहासाच्या ग्रंथांतून जर्मन पदकांना रुक्ष म्हणण्याची चाल आहे. इटालियन पदकात कल्पना आहे, रूपक आहे. जर्मन पदकात केवळ हुबेहूबपणा आहे, असा आक्षेप असतो. मला तो मान्य नाही. इटालियन दरबारी पदकातला सरदार रोमन सीझर होऊ पाहतो. ऑग्झबुर्गचा व्यापारी कोणीच होऊ पाहत नाही. त्याची मान जाड असेल तर जाड, नाक वाकडे असेल तर वाकडे. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाईकाने स्वतःचे दुहेरी हनुवटीचे चित्र पसंत करावे, यात कारागिराइतकेच गिऱ्हाइकाचेही धैर्य आहे. आज छायाचित्रे घासूनपुसून घेणाऱ्या आपल्या काळाला ते कळायला थोडा वेळ लागेल.

फ्रीड्रिख हागेनाउअर हा या साऱ्यांत मला सर्वांत आवडतो. इझेनहाइमच्या प्रसिद्ध वेदीवरील लाकडी मूर्ती करणाऱ्या निकोलाउस हागेनाउअरचा तो मुलगा. म्युनिक, ऑग्झबुर्ग आणि मग कलोन असा तो फिरत राहिला आणि दोनशेंहून अधिक पदके मागे ठेवून गेला. त्याचा उठाव अगदी पातळ, जवळजवळ कागदासारखा. रुंद टोपीचे वर्तुळ पदकाच्या वर्तुळात तो असे बसवितो की जागा रिकामी वाटत नाही आणि दाटलेलीही वाटत नाही. १५२९ चे माग्रारेटे फोन फ्रुंड्सबेर्ग या बाईंचे त्याचे पदक पाहावे. राणी नाही, संतिणी नाही; एका सेनानी घराण्यातली गृहिणी. तिच्या चेहऱ्यासाठी एवढी निगराणी कोणी केली असेल असे आपल्याकडच्या त्या काळात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

या मंडळींचे जगणे सुखाचे नव्हते. पदककार ना धड मूर्तिकार, ना धड सोनार. सुवर्णकारांच्या संघाचे म्हणणे की चांदीसोने ओतण्याचा हक्क आमचा. ऑग्झबुर्गला क्रिस्टोफ वायडित्सची आणि सुवर्णकारांची अशीच जुंपली होती. हा वायडित्स १५२९ मध्ये स्पेनमध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारी गेला. तेथे त्याने मेक्सिको जिंकून आलेल्या एर्नान कोर्तेसचे पदक केले. पण माझ्या मते त्याहून मोलाचे काम म्हणजे कोर्तेसबरोबर आणलेल्या मेक्सिकोच्या रहिवाशांची, त्यांच्या चेंडूखेळाची व पायांवर ओंडका झेलण्याच्या कसरतीची चित्रे त्याने डोळ्यांनी पाहून काढली. त्याचे ते वेषभूषांचे चित्रपुस्तक न्यूरेंबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जेत्याचा चेहरा धातूत गेला आणि जितांचा कागदावर राहिला, पण पाहणारा डोळा एकच होता.

नगरांनीही पदके करविली, आणि ती नेहमी साधलीच असे नाही. नव्या सम्राटाची पहिली साम्राज्यसभा आपल्याकडे भरणार म्हणून न्यूरेंबर्गच्या सभासदांनी त्याला नजर करण्यासाठी मोठे चांदीचे पदक करायचे ठरविले. आराखडा साक्षात आल्ब्रेख्त ड्यूररचा, ठोकणारा हान्स क्राफ्ट. तेवढ्यात शहरात प्लेग आला, सभा १५२१ मध्ये वोर्म्सला गेली, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप त्याच्या हाती ते पदक पडलेच नाही. नगरपालिकांचे स्वागतसमारंभ पाहिलेल्या आपल्या वाचकांस याचे फार नवल वाटणार नाही.

लाइपझिगच्या हान्स राइनहार्टने १५४४ मध्ये सॅक्सनीच्या मोरिट्सकरिता केलेले त्रिमूर्तीचे पदक हा कसबाचा कळस. सिंहासनावरचा परमपिता, त्याच्या पुढ्यात क्रूसावरचा ख्रिस्त, वर कबूतर; काही भाग वेगळे ओतून मागाहून झाळलेले, इतके सुटे की बोट लावायची भीती वाटावी. मी त्याला नमस्कार करतो आणि पुन्हा हागेनाउअरकडे वळतो. ते दागिन्याच्या अंगाने गेले आहे, आणि या कलेचे पुढचे वळण त्यातच दिसते.

हे वळण राजेरजवाड्यांनी दिले. १५६६ पासून सम्राट माक्सिमिलियान दुसरा व पुढे रुडोल्फ यांच्या पदरी आन्तोनिओ आबोन्दिओ हा इटालियन होता. त्याच्यामुळे मेणाचा नमुना जर्मन मुलखात रूढ झाला. राजाची मुद्रा असलेले, मिन्याने रंगविलेले, खाली मोती लोंबणारे सोन्याचे कृपापदक साखळीत घालून दरबाऱ्यांच्या गळ्यात दिसू लागले. आपल्याकडे जहांगीर बादशहानेही त्याच सुमारास स्वतःच्या चेहऱ्याच्या मोहोरा मर्जीतल्या अमीरांस दिल्या. दोन्हीकडे मजकूर एकच: हा मनुष्य कोणाचा आहे.

मग तीस वर्षांचे युद्ध पेटले (१६१८ ते १६४८), आणि पदके ओतण्याऐवजी ठशाने ठोकून काढण्यावर भर आला, कारण आता प्रती पुष्कळ हव्या होत्या. श्ट्रासबुर्गचा सेबास्टियान डाडलर हा त्या काळचा मोठा ठसेकार. स्वीडनचा गुस्टाव्ह आडोल्फ १६३२ मध्ये ल्यूट्झनच्या रणात पडला. डाडलरच्या १६३४ च्या पदकावर एका बाजूस मृत राजा पहुडलेला आहे आणि दुसऱ्या बाजूस तोच विजयरथात. काम थक्क करणारे आहे. तटबंद्या, फौजा, ढग, देवदूत, सगळे तळहातात मावते. पण छापा-काटा या जोडीत आता काटा जिंकला होता. मागच्या बाजूवरची बातमी मोठी झाली आणि दर्शनी चेहरा तिचे निमित्त ठरला.

बातमीबरोबर चहाडीही आली. गोथाचा क्रिस्टियान व्हेर्मुट (१६६१ ते १७३९) याने उपहासाची पदके काढून बाजारात विकली. पॅरिसच्या जॉन लॉची कागदी श्रीमंती १७२० मध्ये कोसळली तेव्हा तिचीही त्याने टर उडविली. इथवर हसायला हरकत नाही. परंतु १६९४ च्या धान्यटंचाईत निघालेल्या एका पदकावर पाठीशी धान्याचे पोते घेतलेला ज्यू आहे आणि पोत्यावर सैतान बसला आहे. महागाईचा राग एका जमातीवर वळविण्यासाठी तोच धातू, तेच कसब. दीडशे वर्षांपूर्वी एकेका माणसाचे नाक, कान, वय जसेच्या तसे नोंदविणाऱ्या कलेने येथे कोणाचाच नसलेला चेहरा घडविला. बारोक पदकांचे कौतुक करताना पुष्कळसे संग्राहक हे पदक पाठीमागे सारतात. ते हागेनाउअरच्या शेजारी ठेवावे असे मी म्हणेन.

संग्रहालयांविषयी एक तक्रार. नाणी-पदकांच्या कपाटात पदक एका बाजूने चिकटविलेले असते, पुस्तकांतूनही बऱ्याचदा दर्शनी बाजूच छापतात. पदक ही हातात घेऊन उलटण्याची वस्तू आहे. सोन्याच्या प्रती पुष्कळशा पुढे भट्टीत गेल्या. शिशाच्या वाचल्या, कारण त्यांना मोडीत कोणी विचारले नाही, आणि जाणकार आज त्याच शिशाच्या प्रती रेषेच्या तीक्ष्णतेसाठी शोधतात. पदकावरून साचा घेऊन पुन्हा ओतलेली नक्कल ओळखण्याची खूणही सोपी आहे: धातू निवताना आकसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते आणि तिच्या कडा बोथट असतात.

उलटून पाहण्याचे महत्त्व ड्यूररच्या पदकांवरून कळते. १५२० मध्ये नेदरलँड्सच्या प्रवासात असताना त्याने आपल्या चेहऱ्याबद्दल हान्स श्वार्त्सला दोन सोन्याचे गुल्डन फुगरांच्या पेढीमार्फत धाडल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. एवढ्या मोठ्या चित्रकारानेही फुकट करवून घेतले नाही. पुढे १५२७ मध्ये न्यूरेंबर्गच्या मात्तेस गेबेलने त्याचे पदक केले. वय छप्पन्न, केस आखूड, गाल उतरलेले. मागे ड्यूरर घराण्याचे चिन्ह, उघडे दार. कारण बाप हंगेरीतून आलेला आणि त्यांच्या मूळ गावाच्या नावाचा अर्थ दार. पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल १५२८ रोजी, ड्यूरर वारला. गेबेलने दर्शनी बाजूला हात लावला नाही. तेच छप्पन्न वय, तोच चेहरा. मागचे दार मात्र काढून टाकले आणि तेथे मृत्यूचा लेख घातला.