आधी प्रवाह मोजा, मग स्टेंट

"सत्तर टक्के ब्लॉकेज आहे, स्टेंट टाकावा लागेल." नांदेड असो वा लातूर, अँजिओग्राफी कक्षाबाहेर हे वाक्य ऐकू येते आणि किनवट-मुखेडहून वा निलंगा-अहमदपूरहून आलेल्या नातेवाइकांना काही मिनिटांत होकार द्यावा लागतो. हा होकार कशाच्या आधारे द्यायचा?

अँजिओग्राफी रक्तवाहिनीची छाया दाखवते. त्या अरुंद जागेमुळे हृदयाच्या स्नायूला रक्त खरोखर कमी पडते का, हे ती सांगत नाही. विहिरीवरून शेतात पाइपलाइन नेणाऱ्या मराठवाड्यातील शेतकऱ्यास यातील मर्म सहज उमगेल. पाइप दबलेला दिसला म्हणून तो लगेच बदलत नाही. टोकाला पाणी किती दाबाने पडते, हे आधी पाहतो.

हृदयासाठीही अशी कसोटी आहे. दाबमापक असलेली बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात, औषधाने रक्तप्रवाह वाढवतात आणि पलीकडचा दाब व महाधमनीतील दाब यांचे गुणोत्तर काढतात. 'एफएफआर' नावाचे हे गुणोत्तर ०.८० हून अधिक असल्यास सामान्यतः स्टेंटविना औषधोपचार पुरेसा ठरतो.

युरोप-अमेरिकेतील १००५ रुग्णांवरील 'फेम' अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ चित्र पाहून उपचार झालेल्यांना सरासरी २.७ स्टेंट लागले, मोजणी करून उपचार झालेल्यांना १.९. मृत्यू, झटका वा पुन्हा हस्तक्षेप यांचे वर्षभरातील प्रमाणही १८.३ ऐवजी १३.२ टक्के राहिले. पन्नास ते सत्तर टक्के अरुंद दिसणाऱ्या जागांपैकी सुमारे ३५ टक्केच प्रत्यक्षात प्रवाह रोखणाऱ्या निघाल्या.

येथे एक इशारा आवश्यक आहे. तीव्र झटका आलेल्या रुग्णाची बंद वाहिनी उघडण्यास क्षणाचाही विलंब नको. प्रश्न आहे तो स्थिर प्रकृतीच्या, संदिग्ध अडथळ्याच्या रुग्णाचा.

२०१२ मध्ये राज्याची जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. गरिबाला स्टेंट मिळण्याची वाट त्यामुळे सुकर झाली, हे निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु स्टेंट स्वस्त झाला म्हणून अनावश्यक स्टेंट समर्थनीय ठरत नाही. त्यामागून रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा दीर्घकाळचा खर्च व रक्तस्रावाचा धोका येतोच. म्हणून संदिग्ध प्रकरणी मंजुरीपूर्वी या मोजणीचा आग्रह शासनाने धरावा आणि तिचा खर्च रुग्णावर पडू देऊ नये. नातेवाइकांनीही स्वाक्षरीपूर्वी नम्रपणे एवढेच विचारावे : "डॉक्टरसाहेब, प्रवाह मोजला का?"