आवाज येतोय ना?

‘हॅलो, माझा आवाज येतोय का?’ हे वाक्य २०२० साली घराघरांत इतकं ऐकू आलं की त्यावरचे विनोदही आता शिळे झाले. मुलांची शाळा, भिशी, साखरपुडेसुद्धा ऑनलाइन झाले. तेव्हा मध्येच आवाज गेला तर फार तर चुटपुट लागायची. पण आता तोच पडदा कोर्टातही आला आहे. तिथे आवाज गेला तर एखादीची पोटगी अडकू शकते!

कोर्टाचं आणि या पडद्याचं नातं तसं जुनं आहे. मुंबईतल्या एका डॉक्टरांविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेतल्या तज्ज्ञ डॉक्टरांची साक्ष हवी होती आणि ते इथे यायला तयार नव्हते. १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेता येईल. पुढे करोनाच्या दिवसांत, ६ एप्रिल २०२० च्या आदेशाने देशभरातल्या कोर्टांना हा रस्ता मोकळा झाला. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० नुसार फौजदारी सुनावणी, चौकशी, साक्ष हे सगळं इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेता येतं. पत्नीच्या पोटगीचं कलम १४४ याच संहितेत आहे, बरं का!

सोय मोठीच आहे. एसटीचं भाडं वाचतं, रोज बुडत नाही, कोर्टाच्या आवारात सासरच्यांच्या नजरा झेलाव्या लागत नाहीत. मी या सोयीच्या बाजूचीच आहे. पण २०२० च्या त्या आदेशातलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. आवाज नीट येत नसेल तर तक्रार सुनावणी चालू असताना किंवा संपल्यावर लगेच करावी. नंतर केलेली तक्रार ऐकून घेतली जाणार नाही, असा त्याचा अर्थ. कोर्टाच्या बाजूने पाहिलं तर हे रास्तच आहे. नाहीतर निकाल विरुद्ध गेला की जो तो म्हणेल, मला ऐकूच आलं नव्हतं!

पण आपल्या बाजूने पाहा. आवाज तुटला तर नेमकं काय ऐकायचं राहिलं, हे त्या बाईला कळणार कसं? आणि आपली सवय अशी, की मोठ्या माणसांचं बोलणं कळलं नाही तरी मान डोलवायची. समोर न्यायाधीश असल्यावर तर विचारूच नका. पडद्यावर मात्र ती मान ‘हो’ म्हणतेय असंच दिसतं.

आमच्या भागातल्या एका पोटगीच्या अर्जदाराचं असंच झालं. मोबाईल भावाचा. त्याचं ब्लूटूथ ओसरीवरच्या स्पीकरला जोडलेलं. हिला आतल्या खोलीत पडद्यावर सगळे दिसताहेत, आवाज काहीच नाही. प्रश्न ओसरीवर बसलेल्यांनी ऐकले, हिने नाहीत! शेवटी वकिलांनी पुढची तारीख मागून घेतली. घरातल्या चार जणांत एक मोबाईल असला की असं व्हायचंच. अमेरिकेत टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये तर दुसऱ्याचा संगणक वापरणारे एक वकील न्यायाधीशांना चक्क मांजराच्या रूपात दिसले होते. सगळं जग हसलं. पण ते वकील होते, ‘मी मांजर नाही’ असं लगेच सांगू शकले. आपल्या बाईला तेवढं धाडस कुठून यावं?

म्हणून चाचणी आदल्या दिवशीच करायची. ज्या खोलीत बसायचं तिथेच, आणि सुनावणीच्याच वेळेला, कारण नेट दुपारी वेगळं आणि रात्री वेगळं चालतं. ब्लूटूथ आधी बंद करा. मग मोबाईलच्या रेकॉर्डरमध्ये चार वाक्यं बोलून परत ऐका. ती स्पष्ट ऐकू आली तर माइक चांगला आहे. तरीही समोरच्याला आवाज जात नसेल, तर मोबाईलच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला माइकची परवानगी दिलेली नसते, ती द्या. रेकॉर्डिंगच खरखरीत आलं तर मोबाईलच्या खालच्या कडेचं बारीक भोक कव्हरने किंवा धुळीने बुजलंय का ते बघा. सुई मात्र घालू नका! वायरचा इअरफोन असेल तर त्याच्या पिनेवर तीन रेघा असाव्या लागतात. दोनच असल्या तर त्याला माइकच नाही, तुम्ही कितीही बोला. आवाज घुमत असेल तर त्याच खोलीत दुसरा मोबाईल त्याच कॉलवर सुरू असणार, तो बंद करा. खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहरा काळा दिसतो. आणि त्या तासाभरात या नंबरवर फोन करू नका, असं नातेवाईकांना बजावून ठेवा. मध्येच फोन आला की बोलणं तुटतं.

हे सगळं एकट्या बाईनेच का करायचं? मुळीच नाही. ज्यांच्याकडे साधन नाही त्यांना कोर्टाने सोय करून द्यावी, हेही त्याच २०२० च्या आदेशात होतं. कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात अशी सुनावणी कशी होते ते समजावून सांगतात. तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. त्या वकिलांनाच सांगा, ‘साहेब, आदल्या दिवशी दहा मिनिटं मला कॉल लावून बघा.’ बचत गटाच्या बैठकीत एकदा एकमेकींना कॉल लावून हा सराव करून घेतला तर फारच छान.

आणि सुनावणी चालू असताना आवाज तुटलाच, तर मान न डोलावता हात वर करायचा आणि सांगायचं, ‘साहेब, शेवटचा प्रश्न ऐकू आला नाही, परत विचारा. आवाज तुटला होता, एवढं लिहून घ्या.’ हे वाक्य कागदावर लिहून मोबाईलशेजारी ठेवलं तरी चालेल.