सातबारा माझ्या नावावर, शेत कुठं?

२०२१ मध्ये मी ब्लॉकचेनवर एक फोटो विकत घेतला. धुक्यातला घाट आणि वळणावर थांबलेली एसटी. पुण्यात नुकती नोकरी लागली होती, खिशात पैसे खुळखुळत होते. दिवाळीला मुरगूडला गेलो तेव्हा मामाला मोबाइलवर दाखवला. आमच्या गावात मामाचा बरीच वर्षं फोटो स्टुडिओ होता. त्यानं फोटो बोटांनी मोठा करून नीट बघितला, "चांगला काढलाय" म्हणाला, आणि मग विचारलं, "पर ह्यो तुझा म्हंजे काय रं? मला बी दिसतोय की."

मी त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं. आज त्या फोटोच्या जागी राखाडी चौकोन दिसतो. फाइल विकणाऱ्याच्या सर्व्हरवर होती, आणि तो सर्व्हर बंद पडला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. तरी फाइल कुठं ठेवलीय हे मी घेताना बघितलं नव्हतं, साधी डाउनलोडही केली नव्हती. ब्लॉकचेनवरची माझी मालकी मात्र अजून शाबूत आहे.

एनएफटी म्हणजे काय हे आपल्याकडं समजावायला अवघड नाही. तो सातबारा आहे. उताऱ्यावर तुमचं नाव लागतं, विकलं की फेरफार होतो, आणि जुन्या नोंदी कुणालाही बघता येतात. पण सातबारा म्हणजे शेत नव्हे. बहुतेक वेळा ब्लॉकचेनवर फोटो नसतोच, कारण एवढी मोठी फाइल तिथं ठेवणं फार महाग पडतं. तिथं असतो फक्त फोटोचा पत्ता. आणि या दफ्तरात तलाठीही नाही. "जमीन तुझीच का?" असं नोंद घालताना कुणी विचारत नाही. ओपनसी या सगळ्यात मोठ्या बाजारानं जानेवारी २०२२ मध्ये स्वतःच कबूल केलं होतं की, त्यांच्या फुकट नोंदणीच्या सोयीतून तयार झालेल्या वस्तूंपैकी ८० टक्क्यांहून जास्त चोरीच्या, खोट्या किंवा स्पॅम होत्या.

मग हे सगळंच थोतांड आहे का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याला दोन घटनांचा आधार आहे.

पहिली एफटीएक्सची. नोव्हेंबर २०२२ मध्ये हा एक्स्चेंज बुडाला. त्याच्याकडून लोकांनी घेतलेल्या अनेक एनएफटींचे पत्ते कंपनीच्याच सर्व्हरकडं जात होते. पुढं त्या पत्त्यांवर चित्रांऐवजी दिवाळखोरीच्या कामकाजाचं पान उघडायला लागलं. दुसरी हिक एट नंकची. टेझोस या ब्लॉकचेनवरची ही कलेची साइट. तिथं जगभरातले चित्रकार आणि फोटोग्राफर अगदी थोडक्या पैशांत काम विकायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये संस्थापकानं ती अचानक बंद केली. पण कामं हरवली नाहीत. फाइली आयपीएफएसवर होत्या. तिथं फाइलचा पत्ता ती कुठल्या यंत्रावर आहे यावरून ठरत नाही. तो फाइलच्याच आशयावरून काढलेला ठसा असतो. ज्याच्याकडं प्रत आहे त्यानं ती पुरवावी, ठसा जुळला की काम तेच. लोकांनी लगेच साइटच्या प्रती उभ्या केल्या आणि बाजार पुन्हा चालू झाला. यात एक अट मात्र आहे: जगात कुणीतरी एकानं तरी ती फाइल सांभाळून ठेवलेली असली पाहिजे.

जनरेटिव्ह कलेत याच्याही पुढं जाता येतं. लार्व्हा लॅब्जचे २०१९ चे ऑटोग्लिफ्स घ्या. एकूण ५१२ चित्रं, आणि ती काढणारा प्रोग्रॅम ब्लॉकचेनवरच. इथं शेत उताऱ्यातच आहे. टायलर हॉब्जच्या २०२१ च्या 'फिडेन्झा' मालिकेत एकाच प्रोग्रॅममधून ९९९ चित्रं निघाली. खरेदीच्या क्षणी जो यादृच्छिक आकडा पडला, त्यावरून वळणाऱ्या पट्ट्यांची जाडी, रंग, गर्दी ठरली. चित्र कसं येणार हे घेणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि खुद्द हॉब्जलाही नव्हतं.

ज्याच्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी निघते त्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ठिपके मोजून, नियम ठरवून, त्या नियमांत रोज नवी आकृती. माझी आई हेच करते. तिची एक रांगोळी बघून काही कळत नाही. महिनाभर बघितल्या की कळतं, कुठला नियम ती पाळते आणि कुठं मोडते. जनरेटिव्ह मालिकाही अशीच बघावी लागते. आधी शे-दोनशे चित्रं शांतपणे बघा, मग त्यातलं एक आपलं वाटेल.

पण बघायला वेळ कुणाला होता? मार्च २०२१ मध्ये बीपलचं काम क्रिस्टीजच्या लिलावात ६.९३ कोटी डॉलरना गेलं आणि इकडं ग्रुपमध्ये एकच प्रश्न फिरायला लागला, "किती पट होईल?" टवाळ मंडळी दुसरीकडं हसत होती, "राइट क्लिक करून सेव्ह करतो की!" मला हे दोघं सारखेच वाटतात. दोघांचीही नजर आकड्यावर. चित्र बघितलं कुणीच नाही.

टवाळांना सांगतो: राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर लागल्या. एकसारख्या छापील प्रती त्या. आज लोक त्या हौसेनं जमवतात. प्रत काढता येते म्हणून जपण्याचं मोल कमी होत नाही. आणि सट्टेबाजांना सांगतो: सरकारनं तुम्हाला बरोबर ओळखलं. १ एप्रिल २०२२ पासून अशा व्यवहाराच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. मला या कराचं दुःख नाही. माझ्याकडची चित्रं मला विकायची नाहीत.

कोल्हापूरला आपण अभिमानानं कलापूर म्हणतो. बाबुराव पेंटरांनी इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. त्यांचे बहुतेक मूकपट आज बघायला उरलेले नाहीत. त्या काळी तिकिटं खपत होती, कौतुकही होत होतं. रिळं जपून ठेवणं हे मात्र कुणाचंच काम नव्हतं. मामाचंही तेच. स्टुडिओ बंद झाला तेव्हा निगेटिव्हचे खोके भंगारात गेले. गावातली लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, तलावावरच्या सहली, सगळं. "कुणी मागितल्याच न्हाईत," मामा म्हणतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: जो सांभाळत नाही तो संग्राहक नव्हे, मग वॉलेटमध्ये काहीही असो. घेण्याआधी फाइल कुठं आहे ते बघा. नोंद घालणारा खरंच त्या कामाचा कर्ता आहे का, ते त्याच्या इतर ठिकाणच्या कामाशी ताडून बघा. घेतल्यावर मूळ फाइल उतरवून दोन ठिकाणी ठेवा, आयपीएफएसवर असेल तर प्रत पुरवत राहा. टोकन घेतलं म्हणून कॉपीराइट तुमचा होत नाही. फोटो पुढं पाठवताना काढणाऱ्याचं नाव कापू नका. वारीचे किती फोटो आपल्या व्हॉट्सॲपवर बेवारस फिरतात! निदान त्यांच्याखाली नाव तरी राहू द्या.

माझ्याकडं आता चौदा कामं आहेत. बरीचशी दोन प्लेट मिसळीच्या पैशांत आलेली. त्यांच्या फाइलींची एक डिस्क पुण्यात आहे, दुसरी मुरगूडला मामाच्या कपाटात, त्याच्या जुन्या कॅमेऱ्याशेजारी. एसटीचा फोटो दोन्हींत नाही. तुमच्याकडं असं काही असेल तर आज रात्री एकदा उघडून बघा, आणि दिसतंय तोवर उतरवून ठेवा.